अर्थ पाठ, पण प्रयोग चुकतो!

ठाणे, प्रतिनिधी

कल्याण-डोंबिवलीत एखाद्या अनधिकृत इमारतीवर पालिकेचा हातोडा पडला की, दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी दैनिकाच्या मथळ्यात 'रेझ' हे क्रियापद अनेकदा आढळते. अर्थ, जमीनदोस्त करणे. गंमत अशी की, उभारणे, वर उचलणे या अर्थाचे जे 'रेझ' आपण शाळेपासून ऐकत आलो, त्याचा उच्चारही हाच. एकात 'झेड' आहे, दुसऱ्यात 'आय' आणि 'एस'. कानाला सारखेच वाटणारे हे दोन शब्द अर्थाने मात्र परस्परविरोधी. केवळ ऐकून इंग्रजी सुधारते असे म्हणणाऱ्यांनी या जोडीचा विचार जरूर करावा.

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय २००० मध्ये अमलात आला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आता तिशी ओलांडून गेली आहेत. या पिढीचे इंग्रजी रोजच्या कामापुरते अडत नाही. अडते ते त्यापुढच्या पायरीवर. अहवाल लिहिताना, बढतीच्या मुलाखतीत, परदेशी विद्यापीठाला अर्ज करताना 'डू', 'मेक', 'गेट' आणि 'गिव्ह' यांच्यावर किती काळ भागवायचे, हा प्रश्न उभा राहतो. मग हजार-दोन हजार 'अवघड' शब्दांची यादी हाती येते, वहीच्या डाव्या रकान्यात शब्द आणि उजव्या रकान्यात मराठी अर्थ असा परिपाठ सुरू होतो, आणि दोन महिन्यांनी लक्षात येते की अर्थ पाठ आहेत, वाक्य मात्र एकही धड बनत नाही.

यादी पाठ करण्याची ही पद्धत रूढ होण्यामागे परीक्षांचाही हात आहे. अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या 'जीआरई' परीक्षेत २०११ पर्यंत विरुद्धार्थी शब्दांचे थेट प्रश्न असत. शब्द आणि अर्थ यांची जोडी ठाऊक असली की गुण मिळत. त्या वर्षी परीक्षेचे स्वरूप बदलले, हे प्रश्न गेले आणि वाक्याच्या संदर्भात नेमका शब्द निवडण्याचे प्रश्न राहिले. यादी मात्र विद्यार्थ्यांच्या दप्तरातून गेली नाही. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द अजूनही विचारले जातात, त्यामुळे त्या उमेदवारांनी यादी फेकून देऊ नये. इतरांनी मात्र आपण नक्की कशासाठी घोकतो आहोत, हे एकदा तपासलेले बरे.

'मालवणे' ठाऊक असलेल्यांना

वस्तुतः नेमके क्रियापद म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. दिवा आपण मालवतो, आग विझवतो, तहान भागवतो आणि राग शमवतो. चारही ठिकाणी काहीतरी नाहीसे किंवा शांत होते. पण 'तहान मालवली' असे म्हणणारा मनुष्य परका आहे हे क्षणात ओळखू येते. स्वयंपाकघरात तर ही श्रीमंती ओसंडून वाहते. गहू दळायचे, मसाला कुटायचा, चटणी वाटायची, भात कांडायचा, डाळ भरडायची. यांतील प्रत्येक क्रियापदाला आपले साधन आणि आपला पदार्थ ठरलेला आहे.

इंग्रजीतील अपरिचित क्रियापदेही अशीच सोबत ठरवून आलेली असतात. 'मिटिगेट', 'अलीव्हिएट' आणि 'अस्वेज' या तिघांपुढे शब्दकोशात 'कमी करणे, सौम्य करणे' असेच काहीसे सापडते. परंतु 'मिटिगेट' होते ती बहुधा हानी, धोका किंवा पुराचा परिणाम. 'अलीव्हिएट' होते ती वेदना, दारिद्र्य किंवा गर्दीचा ताण. आणि 'अस्वेज' होते ते मनातले काहीतरी, अपराधी भाव, भीती, शोक. यादीतील तिघांना एकच मराठी अर्थ देणारी वही म्हणूनच फसवी ठरते. शब्दासमोर अर्थाऐवजी त्याची नेहमीची दोन-तीन कर्मे लिहिली, तर निम्मे काम तिथेच होते.

'करणे'ची अडचण

मराठी भाषकाची खरी अडचण वेगळीच आहे. इंग्रजी क्रियापद आपल्या बोलण्यात आले की, आपण त्याला 'करणे' जोडून मोकळे होतो. 'अप्रूव्ह केले', 'डिस्कस केले', 'मॅनेज केले'. शब्द इंग्रजीच राहतो, पण क्रियापद म्हणून त्याचे सारे वळण 'करणे'कडे जाते. त्याला कर्म कोणते लागते, मागे कोणते अव्यय येते, हे कळण्याची संधीच उरत नाही. 'विषयी चर्चा करणे' या सवयीतून 'डिस्कस अबाउट' जन्माला येते; वास्तविक 'डिस्कस'ला 'अबाउट'ची गरज नाही. 'अप्रूव्ह'चे उदाहरण अधिक बोलके आहे. नुसते 'अप्रूव्ह' म्हणजे मंजूर करणे. त्यापुढे 'ऑफ' आले की अर्थ होतो पसंत असणे. एखाद्या अधिकाऱ्याने प्रस्ताव पसंत नसतानाही मंजूर केला, तर इंग्रजीत ते एकाच क्रियापदाने सांगता येते, एकदा 'ऑफ'सह आणि एकदा 'ऑफ'विना.

कमी परिचित क्रियापदांत ही चूक अधिक उघडी पडते. संस्कारांविषयी लिहिताना 'इन्कल्केट' हा शब्द हमखास वापरला जातो. त्याचे कर्म मूल नव्हे, मूल्य. मूल्य मुलाच्या मनात बिंबवायचे, म्हणून 'इन'. 'इम्ब्यू'ची रचना नेमकी उलटी. तिथे कर्म मूल, ते मूल्यांनी भारायचे, म्हणून 'विथ'. मराठीत 'बिंबवणे' आणि 'भारणे' यांची अदलाबदल आपण कधी करत नाही. इंग्रजीत ती सर्रास होते, कारण वहीत दोन्हींपुढे 'संस्कार करणे' एवढेच लिहिलेले असते.

दहावीला संस्कृत घेतलेल्यांना एका ठिकाणी मोठा लाभ आहे. एकाच 'हृ' धातूला उपसर्ग बदलत आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार कसे होतात, हे त्यांनी शाळेत घोकलेले असते. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या क्रियापदांचा कारभार असाच आहे. लिहिणे या अर्थाच्या मूळ धातूपासून 'प्रिस्क्राइब' म्हणजे नेमून देणे, 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणे आणि 'सर्कमस्क्राइब' म्हणजे मर्यादा आखणे अशी क्रियापदे तयार झाली. पहिल्या दोहोंत एका स्वराचा फरक, आणि तेवढ्याने डॉक्टरांनी नेमून दिलेले औषध बंदी घातलेले औषध होते! अर्थात धातूवरून केलेला अंदाज दर वेळी बरोबर येतोच असे नाही. 'एनर्व्हेट' ऐकायला 'एनर्जी'च्या घरातले वाटते, अर्थ मात्र गळून जाईल असे थकवणे.

मोठा शब्द म्हणजे चांगला शब्द, हा समजही सोडावा लागतो. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर नॉर्मन राजवट आली आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच क्रियेला अनेकदा तीन थर दिसतात. साधे 'आस्क', त्यावर फ्रेंच वळणाचे 'क्वेश्चन' आणि त्याहून औपचारिक लॅटिन 'इंटरॉगेट'. आपल्याकडेही मागणे, याचना करणे आणि फारसीमार्गे आलेला 'अर्ज करणे' असे तीन थर आहेतच. पाणीजोडणीसाठी पालिकेकडे कोणी 'याचना' करत नाही, आणि शेजारणीकडे विरजणासाठी 'अर्ज'ही करत नाही. सहकाऱ्याला सुट्टीची तारीख 'इंटरॉगेट' केल्याचे ई-मेलात लिहिणे यापेक्षा कमी हास्यास्पद नाही. तो शब्द पोलिसांच्या कोठडीतला.

नेमक्या क्रियापदाचा रोकडा फायदा दिसतो तो सारांशलेखनात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील ३०० गुणांच्या सक्तीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश करावा लागतो. या प्रश्नपत्रिकेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, पण किमान २५ टक्के मिळाले नाहीत तर पुढच्या उत्तरपत्रिका तपासल्याच जात नाहीत. तिथे 'परिस्थिती आणखी बिघडवणे' यासाठी चार शब्द खर्च करण्याऐवजी 'एक्झॅसर्बेट' हे एकच क्रियापद पुरते.

साठा किती असावा? न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, इंग्रजी वृत्तपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीविना वाचण्यासाठी सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. शब्दकूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपे. आकडा घाबरवणारा आहे खरा, पण त्यातील बराच भाग शाळेतून आलेला असतो. उरलेल्यासाठी आठवड्याला दहा क्रियापदे पुरेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले की, नवे पाठांतर पहिल्या काही तासांत, दिवसांत सर्वाधिक वेगाने विसरले जाते. म्हणून एका रात्री शंभर शब्द घोकण्यापेक्षा तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी समोर आणणे उपयोगी. कल्याणहून मुंबईला जाणाऱ्याला तासभर मिळतो; बसायला जागा मिळाल्यास खिशातून पाच-सहा कार्डे काढता येतात. दारात लोंबकळणाऱ्याने मात्र हा उद्योग करू नये.

कार्डावर शब्दकोशातले वाक्य उतरवण्यापेक्षा दैनिकातील बातमीचे वाक्य लिहावे. न्यायालय आदेश किंवा गुन्हा 'क्वॉश' करते, वाहनचालक नियम 'फ्लाउट' करतात, साक्षीदार जबाबाला 'करॉबरेट' करतो. हीच क्रियापदे बातम्यांत वारंवार येतात आणि प्रत्येक वेळी आपल्या सोबत्यांसह येतात. 'फ्लाउट'शेजारी 'फ्लाँट' हेही टिपून ठेवावे. पहिले नियम धाब्यावर बसवते, दुसरे श्रीमंती मिरवते. घाईत लिहिणारे इंग्रजी भाषकही यांत गफलत करतात.

याखेरीज एक जुने साधन फुकट उपलब्ध आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. ओरबाडणे, खुडणे, पिंजणे, चाचपणे अशी आपली क्रियापदे एकेक करून तिथे पाहावीत. ओळखीच्या मराठी क्रियेपासून अनोळखी इंग्रजी शब्दाकडे जाणारी ही वाट यादीपेक्षा पुष्कळ सोपी वाटते. पण त्यातील इंग्रजी राणी व्हिक्टोरियाच्या काळातले आहे. तिथे सापडलेले क्रियापद कार्यालयीन पत्रात घालण्यापूर्वी ते आज वापरात आहे का, हे विद्यार्थ्यांसाठीच्या एखाद्या आधुनिक इंग्रजी कोशात पाहून घ्यावे.