तारा पिळण्याची यंत्रे
विद्युत् संवाहक तयार करण्यासाठी अनेक सुट्या तारा एकत्र आणून त्यांना नियमित पीळ देणारी यंत्रे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर काथ्याचा दोर वळतात, त्याच क्रियेचे हे यांत्रिक रूप होय. मात्र काथ्याचे आखूड तंतू पिळामुळे एकत्र टिकतात. अखंड तारांना पीळ देतात तो लवचिकपणासाठी. पिळलेला संवाहक वाकविला असता प्रत्येक तार आळीपाळीने वाकाच्या बाहेरच्या व आतल्या बाजूस येते, त्यामुळे कोणत्याही एका तारेवर सतत ताण राहत नाही.

रचना : मध्यवर्ती तारेभोवती 6, 12, 18 व 24 तारांचे थर दिल्यास एकूण तारा अनुक्रमे 7, 19, 37 व 61 होतात. उच्च दाबाच्या वाहिन्यांतील ‘झेब्रा’ संवाहकात 7 पोलादी तारांच्या गाभ्याभोवती 54 ॲल्युमिनियम तारा असून प्रत्येकीचा व्यास 3.18 मिमी. असतो. ताण पडल्यावर संवाहक स्वतःभोवती फिरू नये म्हणून लगतच्या थरांना विरुद्ध दिशांनी पीळ देतात. दिशेचे महत्त्व 1857 मध्ये प्रत्ययास आले. अटलांटिक महासागरातील पहिल्या तारायंत्र-केबलीचे दोन भाग दोन कारखान्यांत विरुद्ध पिळाचे बनले होते व ते जोडण्यासाठी खास योजना करावी लागली.

प्रकार : दृढ चौकटीच्या यंत्रात रिळे चौकटीबरोबर फिरतात, त्यामुळे प्रत्येक तारेला स्वतःभोवतीही पीळ बसतो. ग्रहीय यंत्रात रिळे उलट फिरवून हा पीळ टाळतात. नळीयंत्रात फक्त नळी फिरते व आतील रिळे झुलत्या आधारांवर स्थिर राहतात. घरगुती लवचिक वायरीसाठी द्विपीळ यंत्र वापरतात. त्यात कमानीच्या एका फेऱ्यात दोन पीळ बसतात.

एका पूर्ण वेढ्याची लांबी संवाहक ओढण्याच्या वेगाला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी भागून मिळते. उदा., मिनिटाला 60 मी. वेग व 200 फेरे असल्यास ती 300 मिमी. येते. पोलादी गाभ्याच्या संवाहकात बाहेरच्या थरासाठी ती व्यासाच्या सर्वसाधारणपणे 10 ते 14 पट ठेवतात. सर्व रिळांवरील ताण सारखा असावा लागतो. तो एखाद्या रिळावर कमी पडल्यास ती तार सैल होऊन फुगते व तिचा भार इतर तारांवर येतो.

तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यासारख्या गावी खारा वारा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे पोलादी गाभा गंजण्याचा धोका असतो. म्हणून अशा भागांसाठी जस्तलेपित गाभ्यावर पिळण्याच्या वेळीच ग्रीझ लावतात किंवा सर्व तारा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूच्या घेतात. वरचे थर चढल्यावर गाभ्यापर्यंत पोहोचता येत नाही; यंत्रावर राहिलेली उणीव पुढे खांबावर दुरुस्त होत नाही.

महाराष्ट्रात या यंत्रांचा वापर करणाऱ्या प्रमुख उद्योगांपैकी फिनोलेक्सची स्थापना 1958 मध्ये पुण्यात झाली.