दवण्याचा चिनी चुलतभाऊ

मंचरच्या पुढे, आंबेगाव तालुक्यात निरगुडसर नावाचं गाव आहे. हे नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. त्यात एक झुडूप लपलंय. सापडलं?

बरोबर, निरगुडी! बांधावर, ओढ्याकाठी वाढणारी. हाताची बोटं पसरावीत तशी तिची पाच पानं, जांभळट फुलांचे तुरे, आणि पान चुरगाळलं की नाकात झणझणीत वास. आजी हाच पाला धान्यात घालते, म्हणजे कीड लागत नाही. तिन्हीसांजेला गोठ्यात त्याचा धूर केला की डासही हटतात.

आता तुमच्यातला एखादा चौकस लगेच विचारणार, "डास पळतात ना? मग मलेरिया पण बरा होत असेल!"

नाही हो. दाराशी आलेल्या चोराला हाकलणं वेगळं आणि घरात शिरून माळ्यावर दडलेल्याला पकडणं वेगळं. मलेरियाचा परजीवी डासाच्या मादीबरोबर येतो, पण मादी उडून जाते आणि तो आपल्या रक्तात राहतो. थेट लाल पेशीच्या आत! मग आधी हिव भरतं, चार गोधड्या घेतल्या तरी दात कडकडतात, आणि मागून ताप चढतो. म्हणून तर त्याला हिवताप म्हणतात.

मग त्या दडलेल्या चोराला पकडणारं झाड आहे का कुठे?

एक तर तुमच्या खेळण्यांतच सापडेल. सागरगोटे! ते राखाडी, गुळगुळीत बी फरशीवर खसाखसा घासून कुणाच्या तरी दंडाला चटका दिलाय की नाही? (दिलाच असणार. मीही दिलाय.) त्याच्या आतला गर कडूजहर असतो आणि तापावर तो फार पूर्वीपासून देतात. सागरगोटा, सातविणीची साल, कुटकी आणि काडेचिराईत मिळून 'आयुष-64' नावाचं औषध आपल्याकडे मलेरियासाठी तयार झालं. पुढे क्लोरोक्वीनच्या गोळ्यांशी त्याची तुलना झाली. क्लोरोक्वीनने सगळे रोगी बरे झाले, आयुष-64 ने जेमतेम निम्मे. म्हणजे कडू असलं की रामबाण असतंच असं नाही.

खरं रामबाण कडू म्हणजे कोयनेल. पणजोबांच्या पिढीला हा शब्द बरोबर ठाऊक होता, कारण त्याच्या पुड्या टपाल कचेरीतसुद्धा मिळायच्या. कोयनेल म्हणजे क्विनीन. ते दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीत असतं. 1820 मध्ये पॅरिसच्या पेल्तिए आणि कावेंतू या दोघांनी ते सालीतून वेगळं काढलं. इंग्रजांनी मग ही झाडं भारतात आणली. निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे ती रुजली. आपल्या महाबळेश्वरला लिंगमळ्यातही त्यांनी सिंकोना लावून पाहिला, पण तिथे काही तो जमला नाही. आज लिंगमळा म्हटलं की लोकांना फक्त धबधबा आठवतो.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती कडू नाही, वासाची आहे.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलेलं माणूस गुलालाने माखून येतं आणि येताना दवणा घेऊन येतं. बारीक चिरलेली, राखाडी-हिरवी पानं, गोडसर वास. या दवण्याची शास्त्रीय प्रजाती आर्टेमिसिया. त्याच प्रजातीतला एक चुलतभाऊ चीनमध्ये राहतो. त्याचं नाव चिंगहाव.

1967 साली, व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात, मलेरिया जुन्या गोळ्यांना दाद देईनासा झाला. तेव्हा चीनने एक गुप्त मोहीम सुरू केली. ती 23 मे रोजी सुरू झाली, म्हणून तिचं नाव 523. तिच्यात पुढे तू यूयू नावाच्या संशोधक बाई आल्या. ('तू' हे आडनाव बरं का, मी त्यांना अरेतुरे करत नाहीये!) त्यांनी जुन्या पोथ्यांमधले दोन हजार नुस्खे गोळा केले आणि शेकडो अर्क उंदरांवर तपासले. चिंगहावचा अर्क मोठा लहरी निघाला. एकदा गुण यायचा, पुढच्या वेळी काहीच नाही.

बाईंनी पोथ्या पुन्हा उघडल्या. सोळाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या गे होंग नावाच्या वैद्याने लिहिलं होतं, की मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवून पिळायचा आणि तो रस प्यायचा. बाई थबकल्या. भिजवायचा, पिळायचा... यात उकळायचं कुठेच नाही! आणि काढा म्हटलं की आपण आधी चूल पेटवतो. उकळण्यानेच औषध मरत असेल तर?

मग त्यांनी पाण्याऐवजी ईथर घेतलं. ते 35 अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेपेक्षाही कमी. ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाचा अर्क दिल्यावर उंदरांच्या रक्तात एकही परजीवी उरला नाही. पुढच्या वर्षी माणसांना देण्याआधी बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला.

त्यातलं औषध म्हणजे आर्टेमिसिनिन. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक नाजूक पूल असतो. परजीवी आपल्या लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि त्यातलं लोह मोकळं होतं. लोह भेटलं की पूल तुटतो आणि त्याचे तुकडे परजीवीलाच आतून पोळत सुटतात. खादाडपणा अंगाशी येतो तो असा! किलोभर वाळलेल्या पानांतून हे औषध निघतं पाच-दहा ग्रॅम. लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने भारतात लावण्यासाठी या झाडाच्या खास जाती काढल्या आहेत, त्यातल्या एकीचं नाव 'जीवनरक्षा'.

तू यूयूंना 2015 साली नोबेल मिळालं. आणि गंमत ऐका. 'यूयू' म्हणजे हरणांचा आवाज. वडिलांनी हे नाव एका फार जुन्या चिनी कवितेतून घेतलं होतं. त्या कवितेतली हरणं यूयू करत जे रानगवत चरतात, त्याचं नाव 'हाव'!

आपल्या दवण्यात मात्र औषध काढण्याइतकं आर्टेमिसिनिन नाही, त्याचं नाव त्याच्या सुगंधी तेलासाठी. तरी पुढच्या चैत्रात घरी दवणा आला की एक काडी मागून घ्या आणि पान चांगल्या भिंगाखाली धरा. पानावर बारीक बारीक ठिपके दिसले तर त्या तेलाच्या पिशव्या. चिंगहावचं औषधही अशाच पिशव्यांत साठतं. पण हुडहुडी भरून ताप आला, तर कुठलंही पान चघळत बसू नका. सरळ आरोग्य केंद्रात जा आणि बोटातला एक थेंब रक्त तपासायला द्या. टोचतं मुंगी चावल्याइतकंच.