मातीखाली टिकलेलं छप्पर

झुरिकच्या वोलिसहोफेन भागात सरोवराचं पाणी शुद्ध करणारं केंद्र १९१४ मध्ये उभं राहिलं. आतलं पाणी उन्हाळ्यात गार राहावं म्हणून त्याच्या सपाट काँक्रीट छपरांवर अस्फाल्टचा थर दिला, त्यावर वाळू-खडी घातली आणि सर्वांत वर तिथलीच वीतभर माती पसरली. बी वेगळं पेरावं लागलं नाही, ते मातीतूनच आलं. पुढे शहर वाढलं, आसपासची ओलसर कुरणं नाहीशी झाली, छपरावरचं कुरण मात्र राहिलं. तिथे सुमारे १७५ जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या, त्यांत ९ ऑर्किडच्या. मला त्याहून मोलाचं वाटतं ते खालचं अस्फाल्ट. ते कित्येक दशकं टिकलं.

आपल्याकडे गच्चीवर माती म्हटलं की पहिली भीती गळतीची. पण वॉटरप्रूफिंगचा मोठा शत्रू ऊन आहे. उघडं काळं छप्पर भर उन्हात साठ अंशांच्या पुढे तापतं आणि रात्री निवतं. रोजच्या या प्रसरण-आकुंचनाने त्याला तडे जातात, अतिनील किरणांनी डांबर ठिसूळ होतं आणि पावसाळ्यात त्याच तड्यांतून पाणी झिरपतं. माती हा मारा अंगावर घेते. शिवाय पानांतून आणि मातीतून एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेतं. मुळांची भीती खरी आहे. म्हणून अस्तरावर मुळं रोखणारा पडदा हवा, लागवड गवताची आणि मांसल पानांच्या बुटक्या झाडांची हवी, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेलं पिंपळाचं रोप दोन पानांवर असतानाच उपटायला हवं.

पुराला हा उतारा आहे, असं मात्र म्हणू नये. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दहा सेंटिमीटर माती त्यातला फार तर छोटासा वाटा धरेल, एकदा भिजली की बाकीचं पाणी वाहूनच जाणार. छोट्या सरींचं पाणी ती अडवते, गटारावरचा भार थोडा लांबवते, एवढंच. स्वित्झर्लंडमधल्याच बाझल शहराने २००२ पासून नव्या सपाट छपरांवर हिरवळ सक्तीची केली. आपल्या जुन्या इमारतींना तशी सरसकट सक्ती झेपणार नाही, कारण दहा सेंटिमीटरचा भिजलेला थर चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे जातो. तेव्हा माती वर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या आणि दोन दिवस गच्चीवर पाणी तुंबवून खालचं छत कोरडं राहतंय ना, ते पाहा.