बोगोलान : मालीच्या चिखलाने रंगलेले कापड

बोगोलान हे पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाचे चिखलाने रंगवलेले सुती कापड. त्याचे पूर्ण नाव बोगोलानफिनी. राजधानी बामाकोच्या उत्तरेला असलेल्या बेलेदुगू या भागातील बामाना समाजाच्या स्त्रियांनी ही कला पिढ्यानपिढ्या सांभाळली. मालीतील इतर समाजही असे कापड करतात, पण बेलेदुगूचे काम सर्वांत नावाजलेले. 1970 च्या दशकापर्यंत ते खेड्यातले, त्यातही शिकाऱ्यांचे आणि स्त्रियांच्या विधींचे वस्त्र मानले जाई. नंतरच्या वीसेक वर्षांत तेच कापड पॅरिसच्या फॅशनमध्ये, चित्रपटांच्या वेशभूषेत आणि कलादालनांच्या भिंतींवर पोहोचले. समकालीन आफ्रिकी फॅशन आणि दृश्यकला एकमेकींच्या आधाराने कशा वाढल्या, हे या कापडाच्या प्रवासात फार स्पष्ट दिसते.

कापड विणण्याचे काम पुरुषांचे. अरुंद मागावर सुमारे 15 सेंटीमीटर रुंदीच्या लांबलचक पट्ट्या विणतात आणि त्या कडेला कड लावून शिवल्या की अंगाभोवती गुंडाळता येईल एवढे वस्त्र तयार होते. पुढचे सारे काम परंपरेने स्त्रियांचे. कापड धुऊन आधीच आटवून घेतात आणि मग न्गालामा नावाच्या झाडाच्या पाल्याच्या काढ्यात बुडवतात. हे झाड आपल्या धावड्याचा जवळचा भाऊबंद आहे. काढ्यात टॅनिन भरपूर असते. उन्हात वाळवलेले कापड पिवळेधमक होते, आणि हा पिवळा रंग शेवटी टिकणार नसला तरी त्याच्याशिवाय पुढे काहीच घडत नाही.

चिखल तळ्यातून आणतात आणि मातीच्या मडक्यात कधी कधी वर्षभर मुरवत ठेवतात. तो काळाकुट्ट झाला की काडीने किंवा लोखंडाच्या चपट्या पात्याने पिवळ्या कापडावर लावतात. इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. बाई नक्षी रंगवत नाही, नक्षीच्या भोवतालची जमीन रंगवते. आधी आकाराच्या कडा चिखलाने आखून घ्यायच्या, मग मधली मोकळी जागा भरत जायची. जी रेघ शेवटी उजळ दिसणार, तिला चिखलाचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. वाळल्यावर कापड धुतले की चिखल निघून जातो आणि मागे रंग राहतो, कारण चिखलातले लोह आणि पाल्यातले टॅनिन यांचा संयोग होऊन तयार झालेला काळा पदार्थ धाग्यात पक्का बसलेला असतो. हिरडा आणि लोखंड वापरून काळा रंग करणारे भारतातले रंगारी याच रसायनावर विसंबून आहेत. पहिल्या धुण्यानंतर रंग जेमतेम करडा असतो. काढा, चिखल, ऊन, धुणे हा फेरा पुन्हा केल्यावरच तो गडद होतो.

उरलेल्या पिवळ्या रेघांवर शेवटी सोडा, बाजरीचा कोंडा आणि शेंगदाणे यांचे मिश्रण लावतात. रेघा आधी तपकिरी पडतात, मग काही दिवस उन्हात राहून धुतल्यावर पांढऱ्या होतात. म्हणजे सर्वांत उजळ भाग सर्वांत शेवटी उघडतो. एका कापडावर अशी कित्येक आठवड्यांची मेहनत असते.

या कापडाचा उपयोग शोभेपुरता नव्हता. मुलींच्या दीक्षाविधीनंतर आणि बाळंतपणानंतर ते अंगाभोवती गुंडाळत, कारण अशा वेळी शरीरातून बाहेर पडणारी धोकादायक शक्ती ते शोषून घेते अशी श्रद्धा होती. शिकारी त्याचे सदरे घालत. नक्षीतल्या आकारांना नावे आहेत. मगर आहे, तसेच मॉरिटानियातील श्रीमंत घरच्या स्त्रियांच्या उशीवरून नाव पडलेला चौकटींचा आकारही आहे. आकारांचे अर्थ आईकडून मुलीकडे जात, आणि काही अर्थ जाणकार स्त्रियांपुरतेच राखलेले असत. कोलोकानी गावच्या नाकुंते द्यारा या परंपरेतल्या श्रेष्ठ कलावंत. त्यांच्या कामावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्वतंत्र प्रदर्शन आणि पुस्तक झाले. हा मान खेड्यातल्या फार थोड्या स्त्रियांना मिळाला आहे. जगभरच्या संग्रहालयांतील बहुतेक जुन्या बोगोलानखाली समाजाचे नाव असते, बाईचे नसते.

शहराने बोगोलानकडे पाहिले ते चित्रकारांच्या डोळ्यांनी. बामाकोच्या राष्ट्रीय कलासंस्थेत शिकणाऱ्या सहा जणांनी 1978 मध्ये ‘बोगोलान कासोबाने’ हा गट स्थापन केला. कांजुरा कुलिबाली, क्लेतिगी देंबेले, बुबाकार डुंबिया, सुलेमान गोरो, बाबा फालो केता आणि नेने थियाम हे ते सहा. संस्थेतले शिक्षण फ्रेंच वळणाचे, आणि तैलरंग, कागद, कॅनव्हास सारे परदेशातून येणारे, महागडे. या तरुणांनी खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून पाला आणि चिखल यांचे तंत्र शिकून घेतले. वनस्पतींपासून करडा, तपकिरी, तांबूस अशा छटा मिळवत त्यांनी रंगांची व्याप्ती वाढवली आणि कापडावर थेट आकृतिप्रधान चित्रे रंगवली. चित्रांवर सही गटाची असे, एकट्याची नव्हे. शेख उमर सिसोको यांच्या 1995 च्या ‘गिंबा’ या चित्रपटाची वेशभूषाही याच गटाची. स्त्रियांच्या हातातले तंत्र इथे मुख्यतः पुरुषांच्या हाती गेले आणि त्याला ‘चित्रकला’ हा दर्जा मिळाला. हा दर्जा मूळच्या कामालाही तितकाच शोभला असता.

फॅशनमधली वाट क्रिस सेदू यांनी पाडली. त्यांचे मूळ नाव सेदू नुरू डुंबिया, जन्म 1949 मध्ये बामाकोजवळच्या काटी गावी. आई भरतकाम करणारी. शिवणकाम शिकून ते वागादुगू आणि आबिजानमार्गे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसला गेले. तिथे असताना गावाकडून भेट आलेली बोगोलान कापडे त्यांना नव्याने दिसली. मग आखूड स्कर्ट, अंगाबरोबर बसणारी जाकिटे, टोप्या असे शहरी कपडे त्यांनी या कापडाचे बेतले.

अडचण कात्री लावण्याची होती. पारंपरिक बोगोलानवर एकाच तुकड्यात अनेक आकार दाटीने येतात, काठ वेगळे, मध्य वेगळा. गुंडाळायच्या वस्त्राला ते शोभते, पण बाही आणि पाठ कापायला घेतली की नक्षी कुठेच जुळत नाही. शिवाय ज्या आकारांना अर्थ आहे त्यांचे तुकडे करायला सेदू सुरुवातीला कचरत होते. त्यांनी तोडगा काढला तो साधेपणाचा: एकच आकार निवडायचा, तो मोठा करायचा आणि कापडभर सारख्या अंतराने येऊ द्यायचा. असे कापड ते मुद्दाम रंगवून घेऊ लागले. 1990 मध्ये मालीतल्या इतेमा या कापडगिरणीबरोबर त्यांनी बोगोलानच्या नक्षीचे छापील कापडही काढले. ज्यांना हाताने रंगवलेले परवडत नव्हते त्यांच्यापर्यंत नक्षी पोहोचली. 1994 मध्ये, अवघ्या पंचेचाळिशीच्या आत-बाहेर, ते वारले.

त्याच वर्षी जानेवारीत मालीचे चलन असलेल्या सीएफए फ्रँकचे मूल्य निम्म्यावर आणले गेले आणि मालीचा माल परदेशी ग्राहकांना एकदम स्वस्त झाला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात बोगोलानला मोठी मागणी होती. बामाकोच्या तरुणांनी ती भागवायला छाप्याचा, म्हणजे स्टेन्सिलचा मार्ग धरला. यात जमीन रंगवण्याऐवजी आकारावरच गडद रंग चढतो, काम झपाट्याने होते आणि नावे, अर्थ मागे पडतात. पण अनेक बेकार तरुणांची चूल या कापडाने पेटवली, हेही खरे.

चित्रकलेत अब्दुलाये कोनाते यांनी कापडालाच माध्यम केले. 1953 मध्ये मालीतल्या दिरे येथे जन्मलेल्या आणि क्यूबातही शिकलेल्या कोनाते यांची ‘मांदेच्या शिकाऱ्यांना वंदन’ ही 1994 ची कलाकृती शिकाऱ्यांच्या ताईत टांगलेल्या सदऱ्यांची भाषा भिंतभर मोठी करते. 1996 मध्ये डाकारच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि 2007 मध्ये ते जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात सहभागी झाले.

कासोबाने गटातल्या बुबाकार डुंबिया यांनी नायजर नदीकाठच्या सेगू शहरात ‘न्दोमो’ ही कार्यशाळा उभी केली. इथे तरुणांना नैसर्गिक रंगकाम शिकवले जाते. 2012 पासूनच्या यादवीने मालीचे पर्यटन कोसळले आणि प्रवाशांवर चालणाऱ्या अशा अनेक जागांना मोठा फटका बसला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 2022 मध्ये भरवलेल्या ‘आफ्रिका फॅशन’ या प्रदर्शनात क्रिस सेदू यांचे कपडे घानाच्या कोफी आन्सा आणि नायजेरियाच्या शादे थॉमस-फाह्म यांच्या कामाशेजारी मांडले गेले. बोगोलानच्या धर्तीची नक्षी आज जगभरच्या कारखान्यांत उशांच्या अभ्र्यांवर आणि पडद्यांवर छापली जाते. त्या विक्रीतले बेलेदुगूच्या स्त्रियांना काहीच मिळत नाही.