छोट्या दुर्बिणीचा हिशेब

पक्षिनिरीक्षणाचा छंद नव्याने जडलेला मनुष्य दुर्बीण घेण्यासाठी दुकानात शिरला म्हणजे त्याची नजर प्रथम जाते ती मोठ्या भिंगांच्या भारदस्त दुर्बिणींकडे. आणि शेजारीच ठेवलेली, मिटली असता सदऱ्याच्या खिशात मावणारी छोटी दुर्बीण ही मुलांच्या करमणुकीची चीज असावी, असा ग्रह करून घेऊन तो तिला हातही न लावता पुढे सरकतो. हा ग्रह अगदीच निराधार आहे असे नाही, कारण निकृष्ट छोट्या दुर्बिणी बाजारात विपुल आहेत. परंतु चांगल्या बनावटीच्या छोट्या दुर्बिणीवर त्याने मोठा अन्याय होतो, आणि तो कसा, हे साध्या भागाकाराने दाखविता येते.

प्रत्येक दुर्बिणीवर ८×२५ किंवा ८×४२ असे आकडे कोरलेले असतात. त्यांपैकी पहिला आकडा प्रतिमा किती पटींनी मोठी दिसते ते सांगतो, आणि दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो : ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर भरतो, ८×२५ मध्ये तीनहून किंचित अधिक. मोठ्या भिंगाचे क्षेत्रफळ छोट्याच्या पावणेतीन पटींहूनही जास्त असल्यामुळे ते त्या मानाने अधिक प्रकाश गोळा करते, हे निर्विवाद आहे. पण गोळा झालेल्या प्रकाशापैकी डोळा आत किती घेतो, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. लख्ख उन्हात डोळ्याची बाहुली आकुंचन पावून दोन-तीन मिलिमीटरांवर येते. ती अडीच मिलिमीटर आहे असे धरले, तर आठ पटींच्या कोणत्याही दुर्बिणीतून भिंगाच्या मधल्या केवळ २० मिलिमीटर व्यासाच्या भागातील प्रकाश डोळ्याच्या आत पोचतो आणि उरलेला बुबुळावर पडून व्यर्थ जातो. हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणला, उन्हे चांगली वर आल्यावर रोहित पक्ष्यांचे थवे किंवा हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस न्याहाळणाऱ्या दोघांपैकी एकाजवळ छोटी आणि दुसऱ्याजवळ मोठी दुर्बीण असली, तरी काचांचा दर्जा सारखा असेल तर दोघांनाही प्रतिमा सारखीच उजळ दिसते, ती यामुळेच.

रेखीवपणाचाही हिशेब असाच आहे. २५ मिलिमीटरांचे निर्दोष भिंग सुमारे ५ विकलांपर्यंतचा तपशील वेगळा करू शकते. आठ पट मोठा होऊन तो डोळ्याला ४० विकलांएवढा भासतो, आणि सामान्य निरोगी डोळ्याची मर्यादा तर एक कला म्हणजे ६० विकला आहे. सबब, वटवट्याच्या भुवईची फिकट रेघ दिसत नसेल, तर त्याचा दोष भिंगाच्या लहानपणाकडे सहसा जात नाही. कच्च्या बनावटीकडे किंवा हाताच्या कंपाकडे जातो.

मात्र हा सारा दाखला दिवसाउजेडाचा आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला, किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळी ढगांखाली दाट झाडीत, बाहुली विस्फारते; तरुणपणी अंधारात ती सात मिलिमीटरांपर्यंतही उघडते, आणि मग तीन मिलिमीटरांचा झोत तिला अपुरा पडतो. संधिप्रकाशात रस्त्यावर बसलेला रातवा पाहावयाचा असेल तर मोठी दुर्बीण हवी, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. वय वाढते तसे बाहुलीचे हे विस्फारणे कमी होत जाते, त्यामुळे मोठ्या भिंगाचा हा लाभ वृद्धांना तरुणांइतका मिळत नाही. आणि खांद्यावरचे ओझे त्यांनाच अधिक जाचते.

छोट्या दुर्बिणीला हा दर्जा लाभला, त्यामागे मोठा इतिहास आहे. केप्लरने १६११ मध्ये सुचविलेल्या रचनेत प्रतिमा उलटी दिसे. ती लोलकांनी सुलटी करण्याच्या युक्तीचे एकस्व इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ मध्ये घेतले, आणि तिच्यावर आधारलेल्या दुर्बिणी येना येथील त्साइस कारखान्याने १८९४ मध्ये बाजारात आणल्या. पण काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, आणि दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत प्रकाशाचा एक-तृतीयांश भाग गळून जातो. १९३५ मध्ये त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म थर चढवून ही गळती आटोक्यात आणली. सरळ, सडपातळ नळ्या ज्यांच्यामुळे शक्य झाल्या त्या छपराच्या आकाराच्या लोलकांत निराळीच अडचण होती : छपराच्या दोन उतारांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरींचा मेळ बिघडे आणि प्रतिमा किंचित धुरकट होई. तिच्यावरचा उपाय, पुन्हा एका पातळ थराच्या रूपाने, १९८८ मध्ये आला. आजच्या छोट्या दुर्बिणीतील प्रतिमेचा ठसठशीतपणा हे या थरांचेच देणे आहे.

चांगली ८×२५ दुर्बीण साधारण साडेतीनशे ग्रॅम भरते, ८×४२ तिच्या दुप्पट. ज्याला गड चढावयाचा आहे किंवा एस.टी.तून गावोगाव हिंडावयाचे आहे, त्याला हा फरक संध्याकाळपर्यंत मानेवर जाणवतो, आणि दुसऱ्या खेपेला मोठी दुर्बीण पिशवीच्या तळाशी जाते. ती बाहेर काढेपर्यंत तारेवरचा नीलपंख उडून गेलेला असतो. प्रवासात छोट्या दुर्बिणीचा उपयोग पक्ष्यांपुरताच नाही. वेरूळच्या कैलास लेण्याच्या शिखरावरील कोरीवकाम खालच्या अंगणातून उन्हात पाहताना ती फार उपयोगी पडते, तर अजिंठ्याच्या अंधुक गाभाऱ्यांत, वर सांगितलेल्या कारणामुळेच, ती थोडी निराश करते.

घेताना दहा पटींचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. १०×२५ मध्ये झोत अडीच मिलिमीटरांवर येतो, दृष्टिक्षेत्र सहसा आणखी आकसते, आणि हाताचा कंपही दहा पट होतो. दुर्बीण हलकी असल्यामुळे तो आवरणेही कठीण. झोत बारीक असल्याने डोळा नेमक्या जागी ठेवावा लागतो, नाही तर कडेने काळोख दाटतो. म्हणून दोन नळ्यांमधील अंतर आपल्या डोळ्यांनुसार आधी नीट जुळवून घ्यावे. मग डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने दूरची पाटी स्पष्ट करावी, आणि नंतर डावा मिटून उजव्या भिंगाजवळचे कडे तीच पाटी तितकीच स्पष्ट दिसेपर्यंत फिरवावे. चष्मा लावणाऱ्यांनी तो न काढताच पाहावे, आणि भिंगापासून डोळा पंधरा-सोळा मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण वर्तुळ दिसते की नाही, याची दुकानातच खातरजमा करून घ्यावी.