धान्य मोजले, घोर मोजलाच नाही

राजधानीत कृषी भवन, शास्त्री भवन आणि निर्माण भवन या तीन इमारती एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर. अन्न, महिला व बालविकास आणि आरोग्य या तीन खात्यांचा कारभार वर्षानुवर्षे अनुक्रमे तेथून चालत आला. आता कर्तव्य पथावर नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि खात्यांचे पत्तेही बदलू लागले आहेत. मात्र या तिन्ही खात्यांच्या फायलींत विखुरलेली गरीब घरातील आई अद्याप कोणालाच सलग दिसलेली नाही. एका फायलीत ती शिधापत्रिकाधारक आहे, दुसरीत स्तनदा माता आणि तिसरीत, आजारी पडलीच तर, रुग्ण. घरात उद्या काय शिजवायचे या काळजीने तिची झोप उडते, तेव्हा तो प्रश्न कोणत्या खात्याचा, याचे उत्तर कोणाकडेही नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने एक दूरगामी तरतूद केली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीची नोंद होऊ लागली. हा सन्मान रास्तच होता. परंतु घरातील चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर पूर्वीपासूनच होती. आता धान्य न मिळाल्यास जाब देण्याची वेळही तिच्यावरच येते. अन्न कमी पडले की घरात सर्वांत आधी आटते ते तिचे ताट. मुलांना वाढून उरले तर खायचे, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की तिला उपासमार म्हणावे असे तिलाही वाटत नाही. उपाशी पोटापेक्षा जड असते ती अनिश्चितता: दुकानदार उधार देईल का, शेजारणीकडे पुन्हा पीठ मागायचे कसे, मुलाने भाकरी मागितली तर सांगायचे काय? ही लाज आणि हा घोर महिनोन्‌महिने मुरला, की त्यातूनच नैराश्याला वाट मिळते.

ही केवळ भावनेची बाब नाही. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात गर्भवतींच्या नोंदी घेऊन केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा अभ्यास या विषयात आजही आधारभूत मानला जातो. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातील २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. आर्थिक ओढग्रस्तता आणि बिघडलेले वैवाहिक संबंध ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. बाळ मुलगा आहे की मुलगी, यावर उपासमार आणि नवऱ्याची मारहाण यांचे परिणामही बदलत होते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात कमी वजनाची असण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे अन्नाची चिंता आईचे मन खचवते आणि खचलेले मन बाळाच्या पोषणावर उतरते. कुपोषणाविरुद्ध मोहिमा काढणाऱ्या सरकारने या दुष्टचक्राकडे पाठ फिरवावी, हे न समजण्यासारखे आहे.

धान्य दिलेच जात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ पासून पात्र व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळते आणि २०२४ पासून ही योजना पुढील पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. पण पात्रतेचा कोटा आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. दिल्लीचा कोटा सुमारे ७२.७८ लाख लाभार्थ्यांचा. तो भरल्यामुळे नव्या अर्जदारांना वर्षानुवर्षे ताटकळत राहावे लागले. कष्टाने झिजलेली बोटे यंत्राने ओळखली नाहीत, किंवा नव्या बाळाचे नाव पत्रिकेवर चढले नाही, तर कायद्यातील हक्क त्या महिन्यापुरता कागदावरच राहतो. मातृत्व लाभाचीही तीच कथा. कायद्याने किमान सहा हजार रुपयांचे वचन दिले. २०१७ मध्ये आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार दिले, आणि नंतर दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार. दुसरा मुलगा झाला किंवा तिसरे मूल झाले, तर त्या आईची भूक या योजनेच्या हिशेबातच येत नाही.

उपाय फार महागडा आहे, असेही नाही. झारखंड आणि ओडिशातील आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ संस्थेने गावोगावी महिलांच्या बैठका घडवून आणल्या. गर्भारपण आणि बाळंतपण यांतील अडचणी त्यांनी स्वतःच मांडायच्या आणि मार्गही स्वतःच शोधायचा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यू घटलेच. शिवाय तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या भागात हे घडले, याचे मोल मोठे आहे. पोषण आहारासाठी स्तनदा माता अंगणवाडीत येतेच. तेथेच तिच्या मनाची विचारपूस होऊ शकते. अर्थात रिकाम्या डब्यावर समुपदेशन हा उतारा नव्हे. महिन्याचे धान्य न चुकता मिळेल ही खात्री हेच पहिले औषध, आणि ती देण्याचे काम आरोग्य खात्याचे नसून अन्न खात्याचे आहे.

२०२७ ची जनगणना झाली की कोट्याचे आकडे नव्याने मांडावे लागतील. तोपर्यंत जन्मलेल्या आणि पत्रिकेबाहेर राहिलेल्या मुलांच्या वाट्याचे धान्य आपल्या ताटातून काढून देणारी त्यांची आईच आहे. तिच्या या उधारीवर अन्न सुरक्षा आणखी किती काळ चालवायची, हे तिन्ही खात्यांनी एकत्र बसून ठरवले पाहिजे.