पाच आकड्यांची भाषा

१९२९ साली एबर्सवाल्ड या जर्मन गावात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण चित्र काढून घेतले. या साहसाबद्दल पुढे १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालणे आज अतिदक्षता विभागात नित्याचे झाले असून, अमेरिकेतील बिलावर त्याची ओळख एवढीच उरते : ३६५५६.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या संकेतसूचीतील हा क्रमांक. रुग्ण पाच वर्षांखालील असेल तर ३६५५५. नळी त्वचेखालून बोगदा काढून नेली तर क्रमांक पुन्हा निराळा. सोनोग्राफीच्या साहाय्याने शीर शोधली तर ७६९३७ ची जोड मिळते. परंतु ते चित्र दप्तरी जतन केलेले नसेल, तर त्याची वेगळी आकारणी करता येत नाही. ही निव्वळ कारकुनी आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे नव्हे. सुई कोठे टोचली, टोक कोठे स्थिरावले, याची लेखी नोंद रुग्णाच्याच हिताची असते.

प्रश्न निराळाच आहे. २००० साली अमेरिकी केंद्र सरकारने डॉक्टरांच्या सेवांच्या संगणकीय व्यवहारासाठी हीच सूची प्रमाण ठरवली. तिचा स्वामित्वहक्क मात्र खासगी संस्थेकडेच राहिला. कायद्याने सक्तीची झालेली भाषा लोकांच्या मालकीची नसावी, हे विपरीत नव्हे काय? ज्याच्या गळ्यातील शिरेत नळी गेली, त्यालाच आपले बिल वाचता येऊ नये. आणि ज्यांनी त्या रुग्णाला कधी पाहिलेही नाही, अशा आपल्याकडील पदवीधर तरुणांना मात्र ते पोटापाण्यासाठी मुखोद्गत असावे!

२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेमुळे आपल्याकडेही उपचारांचे संकेतांक आणि ठरावीक दर रुळू लागले आहेत. अमेरिकेकडून नोंदीची शिस्त आपण अवश्य घ्यावी. मात्र प्रत्येक क्रमांकासमोर रुग्णाच्या मातृभाषेत एक सरळ वाक्य छापले जावे, असा आग्रह आपण आजच धरला पाहिजे. आपल्या शरीरावर काय केले गेले, हे समजणे हा रुग्णाचा पहिला हक्क आहे. पैशांचा हिशेब त्यानंतर.